एकट्याने रिट्रीटला जाताना बॅग हलकी कशी भरावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ध्यान शिबिर, योगाचा निवासी वर्ग, मसाज आणि पथ्य असलेलं उपचार केंद्र, किंवा डोंगरात आठवडाभर नुसता आराम. अशा ठिकाणी एकट्याने निघणारे लोक सामानाबद्दल जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. गाडी थेट दारापर्यंत जाते. मग बॅग हलकी असण्याला एवढं महत्त्व कशाला?

एकट्याच्या प्रवासात "जरा बॅगेकडे बघ, मी आलोच" असं म्हणायला सोबत कुणी नसतं. स्वच्छतागृहात जाताना, तिकिटाच्या रांगेत, जिना चढताना सगळं सामान तुमच्याबरोबरच असतं. ते जड असलं की पोहोचेपर्यंत खांदे भरून येतात आणि शिबिराचा पहिला दिवस अंगदुखीत जातो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपण जातो ते डोक्याला विसावा मिळावा म्हणून. रोज सकाळी काय घालू, काय धुवायला टाकू, अमुक कुठे ठेवलं याच्यातच अर्धा तास गेला, तर घरचीच धावपळ आपण तिकडे नेली. म्हणून हौसेच्या आणि सोयीच्या वस्तूंना निर्दयपणे कात्री लावा. औषधं, कागदपत्रं, उजेड आणि ऊब या चार गोष्टींना मात्र हात लावू नका. पुढची बहुतेक उत्तरं याच एका सूत्रावर आहेत.

२. हलकी म्हणजे नेमकी किती किलो?

बऱ्याच विमान कंपन्या केबिनमध्ये ७ ते १० किलो सामान नेऊ देतात. रेल्वेने किंवा बसने जाणार असाल तरी ७ किलो हेच माप धरा. थंड ठिकाणी फार तर ९. त्यासाठी ३० ते ४० लिटरची बॅग पुरते. मोठी बॅग घेतली की ती भरेपर्यंत चैन पडत नाही, म्हणून लहानच घ्या.

रिकाम्या बॅगेचं वजन आपण विसरतो. चाकांची बॅग रिकामीच अडीच-तीन किलोची असू शकते. पाठीवरची साधी सॅक साधारण एक ते दीड किलोची असते. सॅक घेताना कमरेचा पट्टा बघा. तो नीट बसला की भार खांद्यांवरून कमरेवर उतरतो.

घरी वजन करायचं तर आधी एकटे काट्यावर उभे राहा, मग बॅग घेऊन, आणि फरक काढा. त्यानंतर खरी परीक्षा: भरलेली बॅग घेऊन न थांबता दोन मजले चढा आणि ती दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचला. डब्यातल्या रॅकवर ती तुम्हालाच चढवायची आहे. हे जमलं नाही, तर काटा काहीही सांगो, बॅग तुमच्यासाठी जड आहे.

३. सात-आठ दिवसांसाठी कपडे किती घेऊ?

तीन जोड: एक अंगावर, एक वाळत, एक कोरडा. आतले कपडे चार-पाच, मोजे तीन जोड. मुक्काम तीन आठवड्यांचा असला तरी हाच आकडा, कारण वाढतं ते धुणं. तिन्ही वरचे कपडे तिन्ही खालच्यांवर चालतील असे रंग निवडा. सर्वात जड बूट आणि जाड जॅकेट प्रवासात अंगावर ठेवा.

कापडाचा विचार करा. सुती कपडा अंगाला बरा वाटतो, पण पाणी धरून ठेवतो आणि दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. पॉलिएस्टर पटकन वाळतं, पण घामाचा वास धरतं. मेरिनो लोकर महाग आहे, पण बरेच दिवस वास धरत नाही. मी सुती आणि मिश्र धाग्याचे कपडे मिळून नेते. निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक कपडा रात्री हाताने धुऊन खोलीत वाळत घाला. सकाळी ओलाच असेल तर तो घरी राहील.

कपडे लवकर वाळवायचे असतील तर पिळलेला कपडा कोरड्या टॉवेलवर पसरा, दोन्हींची एकत्र घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर गुडघ्याने दाब द्या. टॉवेल इतकं पाणी शोषतो की वाळण्याचा वेळ बराच कमी होतो.

४. "लागलं तर असावं" म्हणून घेतलेल्या वस्तूंनीच बॅग भरते. काय करू?

सगळं सामान पलंगावर मांडा आणि अशी प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारा: ही लागली आणि नसली, तर काय होईल? उत्तर "तब्येत बिघडेल" किंवा "परतीची वाट अडेल" असं असेल तर ती आत जाते. जादा चष्मा, टॉर्च, रोजची गोळी या त्यातल्या. उत्तर "जरा गैरसोय होईल" असं असेल तर ती बाहेर. दुसरी जीन्स, हेअर ड्रायर, तिसरं पुस्तक ही सगळी बाहेरची मंडळी.

थोडं खोलात गेलं की दिसतं, "लागलं तर"च्या मागे बहुतेक वेळा चारपैकी एक भीती असते: थंडी वाजेल, आजारी पडेन, लोक काय म्हणतील, कंटाळा येईल. पहिल्या दोन भीतींवर बॅगेत उपाय ठेवता येतो आणि ठेवावाच. उरलेल्या दोन कितीही सामान नेलं तरी जात नाहीत. पाच वेगवेगळे पोशाख नेले तरी अनोळखी लोकांत पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं होतंच. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारा कंटाळा हा अशा मुक्कामाचा भागच असतो. तो टाळायला नेलेल्या वस्तू मुक्कामाच्याच आड येतात.

बॅग दोन दिवस आधी भरा. आदल्या दिवशी ती पुन्हा उघडून फक्त काढायचं काम करा, घालायचं नाही. निघण्याच्या रात्री भरायला घेतली की घाईघाईत सगळंच आत कोंबलं जातं.

५. ध्यानाच्या वर्गासाठी खास कपडे लागतात का?

खास नाही, पण आवाज न करणारे हवेत. पहाटेच्या शांत सभागृहात कुणी प्लास्टिकच्या पिशवीतून मोजे काढू लागलं की ती चुरचुर शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येते. सळसळणारी ट्रॅक पँट, वेल्क्रोची पट्टी, किणकिणणाऱ्या बांगड्या, किल्ल्यांचा जुडगा या सगळ्यांचं तेच. म्हणून वस्तू कापडी पिशव्यांत भरा. खोलीत इतर कुणी झोपलेलं असेल तर तिथेही त्यांचा उपयोग होतो.

कमरेला सैल, गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे जवळपास कुठेही चालतात. एक शाल जरूर घ्या. तासभर हालचाल न करता बसलं की गरम हवेतही अंग गार पडतं. शिवाय तीच शाल प्रवासात पांघरूण होते आणि गुंडाळली की उशी. परफ्यूम घरी ठेवा. बंद सभागृहात शेजारच्याचं डोकं चढतं.

६. योगा मॅट आणि ध्यानाची गादी न्यावी का?

आधी केंद्राला विचारा. बहुतेक ठिकाणी मॅट असते. नेहमीची ४ ते ६ मिलिमीटरची मॅट एक ते अडीच किलोपर्यंत भरते आणि बॅगेत मावत नाही. दुसऱ्याच्या मॅटवर झोपणं नको वाटत असेल तर दीड मिलिमीटरची घडी होणारी प्रवासी मॅट त्यांच्या मॅटवर अंथरा, किंवा फक्त टॉवेल घाला.

गुडघ्याचं किंवा पाठीचं दुखणं असलेल्यांची गोष्ट वेगळी. ठरावीक उंचीवर बसलं नाही तर त्रास होतो हे तुम्हाला माहीत असेल, तर हवा भरायची गादी घ्या. खुर्ची लागणार असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. हे सोयीत धरू नका.

७. शाम्पू, क्रीम, टूथपेस्ट यांचं काय?

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात केबिनमध्ये द्रव पदार्थाची बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही आणि अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावाव्या लागतात. हा नियम २००६ साली आला. माप बाटलीचं धरतात, आतल्या द्रवाचं नाही. म्हणजे निम्मी रिकामी २०० मिलिलिटरची बाटलीही काढून घेतात. टूथपेस्ट, जेल, क्रीम ही सगळी द्रवातच मोजली जातात. नवे स्कॅनर असलेल्या काही विमानतळांवर नियम सैल झाला आहे, पण परतीच्या विमानतळावर तो तसाच असू शकतो. अंगाचा साबण आणि शाम्पूची वडी घेतली तर हा प्रश्नच येत नाही.

नवं क्रीम किंवा नवा साबण सहलीतच पहिल्यांदा वापरू नका. अंगावर पुरळ उठलं तर ते कशाने, हे परक्या जागी कळत नाही.

८. मला फोनपासून दूर राहायचंय. तो घरीच ठेवू का?

एकट्याने जाताय, तर फोन न्या. तिथे पोहोचल्यावर तो कार्यालयात जमा करा किंवा बंद करून बॅगेच्या तळाशी ठेवा. प्रवासातली आणि अडचणीतली सोबत सोडू नका.

पण फोन बाजूला ठेवला की त्याच्याबरोबर घड्याळ, गजर, टॉर्च, तिकीट, पैसे आणि सगळे नंबरही जातात, हे लक्षात ठेवून भरा. साधं मनगटी घड्याळ, शक्यतो मनगटावर थरथरणारा गजर असलेलं, म्हणजे शेजारचा उठत नाही. टिकटिक करणारं टेबल घड्याळ नको. एक लहान टॉर्च. थोडे रोख पैसे. आणि एका कागदावर स्वच्छ अक्षरात घरच्या दोघांचे नंबर, केंद्राचा पत्ता, डॉक्टरांचा नंबर. केंद्राच्या कार्यालयाचा नंबर घरी देऊन जा, म्हणजे फोन बंद लागला तरी कुणी घाबरणार नाही.

९. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालते का?

नाही. सुटी लिथियम बॅटरी केबिनमध्येच न्यावी लागते, कारण ती पेटली तर तिथे लगेच लक्षात येतं आणि विझवता येतं. मर्यादा साधारण १०० वॉट-अवर (बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचं माप). मिलीअँपिअर-अवरला व्होल्टने गुणून १,००० ने भागा: १०,००० ची पॉवर बँक ३.७ व्होल्टला ३७ वॉट-अवर होते, २०,००० ची ७४. १०० ते १६० च्या मधली असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. आकडे पुसलेली पॉवर बँक सुरक्षा तपासणीत अडकू शकते. काही कंपन्या आता विमानात ती वापरूही देत नाहीत, तेव्हा तिकिटासोबतचे नियम वाचा. फोन बंदच राहणार असेल तर १०,००० ची भरपूर झाली.

१०. पुस्तक आणि डायरी?

एक पातळ वही, एक पेन, फार तर एक पुस्तक. मौनाच्या शिबिरांत आधी नियम वाचा. गोएंका परंपरेच्या १० दिवसांच्या विपश्यना शिबिरात वाचन आणि लेखन दोन्ही बंद असतं, तिथे हे सामान जमाच करावं लागतं.

११. औषधं किती आणि कशी न्यावीत?

इथे अजिबात काटकसर करू नका. जितके दिवस मुक्काम, त्याहून चार-पाच दिवसांची जास्त. गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा, नाव आणि मुदत दिसली पाहिजे. डब्यात सुट्या भरलेल्या पांढऱ्या गोळ्या तपासणी अधिकाऱ्यालाही ओळखता येत नाहीत आणि आजारपणात दुसऱ्या डॉक्टरलाही. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण कंपनीचं नाव देशागणिक बदलतं. दोन-तीन दिवसांच्या गोळ्या खांद्यावरच्या लहान पिशवीत वेगळ्या ठेवा.

इन्सुलिन चेक-इन सामानात कधीच नको. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. परदेशी जाताना औषधाला तिथे परवानगी आहे का हे त्या देशाच्या दूतावासाकडून आधीच तपासा. कोडीन असलेल्या वेदनाशामकांवर काही देशांत निर्बंध आहेत, आणि ॲम्फेटामिन असलेली औषधं जपानमध्ये प्रिस्क्रिप्शन असूनही नेता येत नाहीत.

बाकी लहानशी पेटी: थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, पॅरासिटामॉल, पट्ट्या, आणि तुम्हाला ज्याचा त्रास होतो त्यावरचं औषध.

एक गोष्ट कळकळीने सांगते. "इथे शरीर शुद्ध होतंय, गोळ्यांची गरज नाही" असं कुणीही म्हटलं तरी रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, फिट्स किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. दीर्घ मौनाच्या शिबिराला जाताना मानसिक आजाराची माहिती डॉक्टरांशी बोलून केंद्रालाही आधी द्या.

१२. चहा-कॉफीशिवाय डोकं दुखतं. पाकिटं सोबत नेऊ?

केंद्रात चालत असेल तर न्या, लपवून नेऊ नका. चालत नसेल तर तयारी घरूनच करा. कॅफिन एकदम सोडलं की साधारण १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत ती सर्वात जास्त असते आणि पूर्ण जायला कधी कधी आठवडाही लागतो. म्हणजे छोट्या मुक्कामाचे सगळे दिवस त्यातच जातील. निघण्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून रोज थोडं कमी करत आणा.

१३. पाळीची तारीख जवळ नसली तरी तयारी ठेवावी का?

ठेवावी. प्रवास, बदललेली झोप आणि जेवण यांनी तारीख पुढे-मागे होते. मेन्स्ट्रुअल कप (पाळीत आत बसवायचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा कप) वापरायची सवय असेल तर जागा सर्वात कमी लागते. तो जास्तीत जास्त १२ तासांनी काढून धुवावा लागतो आणि पाळी संपल्यावर उकळावा लागतो, तेव्हा तिथे तशी सोय आहे का ते विचारा. पहिल्यांदाच कप वापरायचा प्रयोग मात्र सहलीत करू नका, एक-दोन पाळ्या घरी सवय करा. पॅड नेणार असाल तर वापरलेले टाकायला कागदी पिशव्या घ्या. दुर्गम ठिकाणी कचरापेटी सापडतेच असं नाही.

१४. तेलाचे उपचार किंवा गरम पाण्याचे झरे असतील तर तीन जोड पुरतील?

नाही, इथे प्रश्न ३ मधला नियम मोडा. तेलासाठी एक जुना, गडद, सैल जोड वेगळा घ्या. तो तेलकट होणारच, निघताना तिथेच टाकून आलात तरी हरकत नाही. तळाला पकड असलेल्या चपला हव्यात, कारण तेलकट पायांनी फरशीवर घसरायला वेळ लागत नाही.

तेलाचे कपडे आणि टॉवेल नुसते धुऊन गरम ड्रायरमध्ये टाकू नका. धाग्यात उरलेलं तेल हवेशी संयोग पावताना तापतं, आणि घडी करून ठेवलेले असे गरम कपडे आपोआप पेटल्याच्या घटना घडल्या आहेत. ते उघड्यावर पसरून वाळवा. परतीच्या बॅगेत कोंबण्याआधी ते पूर्ण गार आणि कोरडे हवेत.

गंधकाच्या झऱ्यात उतरताना चांदीचे दागिने काढा, ते काळे पडतात. खरं तर दागिने घरीच ठेवा.

१५. ठिकाण उंचावर आहे, थंडी किती पडेल ते कळत नाही. जाड स्वेटर घेऊ?

दर हजार मीटर उंचीमागे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याच्या हवामानावरून अंदाज येतो, पहाटेसाठी आणखी थोडं कमी धरा. एका जाड स्वेटरपेक्षा तीन पातळ थर बरे: अंगाला चिकटणारा, मधला उबदार, वरचा वारा आणि पाऊस अडवणारा. टोपी आणि झोपताना घालायचे कोरडे मोजे यांना वजन नसतं, पण रात्रीची झोप त्यांच्यावर अवलंबून असते.

१६. एकट्या बाईने सुरक्षिततेसाठी काय ठेवावं?

हे पुरुषांनाही लागू आहे. दाराखाली सरकवायची रबरी पाचर, एक शिट्टी, ओळखपत्राच्या दोन छायाप्रती. पैसे आणि कार्ड दोन ठिकाणी विभागून ठेवा. प्रवासाचा पूर्ण बेत घरच्या एकाला लिहून द्या. पेपर स्प्रे विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाही आणि काही देशांत तो जवळ बाळगणंच गुन्हा आहे, म्हणून त्यावर विसंबू नका.

१७. शिबिरानंतर तिथूनच कामाच्या बैठकीला जायचंय. दोन प्रकारचे कपडे कसे बसवू?

एक कामाचा जोड आणि बूट वेगळ्या पिशवीत भरा. ती मुक्कामाच्या शहरातल्या हॉटेलात किंवा स्टेशनवरच्या सामानघरात ठेवा, किंवा पुढच्या पत्त्यावर आधीच पाठवा. ते जमलं नाही तर पिशवी केंद्राच्या कार्यालयात बंद ठेवायला द्या. लॅपटॉपही त्यातच. खोलीत लॅपटॉप असला की "फक्त एक मेल" बघायला तो उघडलाच जातो.

१८. मधूनच सोडून यावं लागलं तर? त्याची तयारी बॅगेत कशी ठेवू?

हा प्रश्न लोक संकोचत विचारतात, पण तो अगदी योग्य आहे. तब्येत बिघडते, घरून निरोप येतो, किंवा जागा चुकीची वाटते. बॅगेचा एक कप्पा परतीसाठी राखा: परतीच्या भाड्याची रोकड, जवळच्या स्टेशनचं आणि टॅक्सीचं नाव-नंबर लिहिलेला कागद, एक कोरडा जोड, एक दिवसाची औषधं, चार्ज केलेली पॉवर बँक. या कप्प्यातलं रोजच्या वापरासाठी काढायचं नाही. तिकीट बदलता येईल असं घ्या, थोडं महाग पडलं तरी. फोन जमा केला असेल तर तो कोणाकडून, कोणत्या वेळेत परत मिळतो हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

निघायचं ठरलं तर कार्यालयाला सांगून, शक्यतो दिवसाउजेडी निघा, आणि गाडीत बसल्यावर घरी कळवा. केंद्र थांबण्याचा आग्रह करत असेल आणि तुमची तब्येत नको म्हणत असेल, तर तब्येतीचं ऐका. सामान ७ किलोच्या आत असेल तर ते गोळा करून निघायला दहा मिनिटंही लागत नाहीत.